दुसरा सिलिंडर
सॅनिटायझरचा वास आला की कोरोनाच्या साथीतली, छावणीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. दवाखान्यात खाट मिळाली नव्हती, म्हणून पप्पांना घरीच ऑक्सिजन लावला होता. शहागंजापर्यंत वणवण करून मी एक जादा सिलिंडर आणून ठेवला होता. तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या. “भाऊ, ह्यांना श्वासच घेता येईना. तुमच्याकडचा दुसरा द्या.” मी म्हणालो, “पप्पांचा संपत आलाय, वहिनी. नाय देता येणार.” पप्पांनी मास्क बाजूला केला. शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करा, ही येशूची शिकवण ते आयुष्यभर चर्चमध्ये सांगत आले होते. “दे त्यांना,” ते म्हणाले. “मग तुम्हाला?” “तू दुसरा आण. तिथं आत्ता जीव चाललाय.” मी रडतच सिलिंडर पोचवला आणि स्कूटरवर सगळं शहर पालथं घातलं. कुठंच मिळाला नाही. परत आलो तेव्हा आई पप्पांचा गार हात धरून बसली होती. वहिनींचे यजमान वाचले. रोज सकाळी ते फाटकापाशी मला हात जोडतात. पप्पांची ती शिकवण आता चर्चमध्ये मी सांगतो, पण त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देणं मला अजून जमलेलं नाही.