आईच्या पाटातलं काळं

आईच्या पाटाला मधोमध चीर गेली होती. पाट शिवणीच्या लाकडाचा, फिकट पिवळसर. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला तिचं पान तिच्याच पाटापुढे वाढायचं, ही आमच्या घरची रीत. आबा, माझे वडील, वलवणला एकटेच राहतात. चिरलेला पाट मांडायला त्यांनी साफ नकार दिला, आणि नवा आणू म्हटलं तर त्याहून साफ नकार. मग मीच पाट उचलून लोणावळ्याला माझ्या घरी आणला. मी शाळेत गणित शिकवते. सुतारकाम मोबाइलवर बघून शिकलेय, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळी.

चीर पुढे जाऊ नये म्हणून तिच्यावर मी शिसवीच्या लाकडाचा डमरूच्या आकाराचा तुकडा बसवला. बसला छान. त्या आनंदात सगळा पाट पॉलिश पेपरने घासून काढला आणि तिथेच घोटाळा झाला. शिसवीची काळी भुकटी शिवणीच्या रेषारेषांत जाऊन बसली. पाट मळकट दिसायला लागला.

फुंकून पाहिलं, झाडून पाहिलं. एका व्हिडिओत म्हणत होते, ओल्या फडक्याने पुसा. दुसऱ्यात, ओलं फडकं चुकूनही लावू नका. माझं नशीब असं की मी आधी पहिला पाहिला. भुकटी ओली होऊन आणखी आत गेली. थिनर लावलं तर शिसवीचा रंगच सुटला आणि डमरूभोवती जांभळट डाग पडला. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, सगळ्यालाच काळं पॉलिश मार, प्रश्न मिटला. मी फोन ठेवून दिला.

शेवटी जुना टूथब्रश आणि चिकटपट्टी कामाला आली. पट्टी दाबायची, उचलायची, तिच्यावर काळ्या रेघा आल्या की हरखायचं. मधलं काळं असं निघालं. कडेचं मात्र हटेना. डमरूपासून जितकं लांब जावं तितकं ते जास्त चिवट होतं, आणि हे गणित मला काही केल्या सुटेना. भुकटी जवळ जास्त हवी, लांब कमी. पण श्राद्ध तोंडावर आलं होतं, म्हणून फार विचार न करता मी सुईच्या टोकाने कडेची एकेक रेष कोरून साफ केली.

आदल्या दिवशी पाट घेऊन वलवणला गेले. आबांनी तो मांडीवर घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"हितलं काळं कुटं गेलं?"

शिसवीची भुकटी होती, काढून टाकली, असं मी सांगितलं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं की भाकरी थापताना आई मधेच चुलीतलं लाकूड पुढे सारायची आणि काजळीचा हात बसल्या पाटाच्या कडेला पुसायची. गॅस आला तरी ते काळं काही गेलं नव्हतं.

मग मी काढलं ते नेमकं काय होतं? मधलं शिसवीचं आणि कडेचं आईचं? की कडेलाही थोडं शिसवीचं होतंच? चिकटपट्ट्यांचा बोळा केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेला होता. दारातल्या उजेडात पाट धरून मी काळं शोधत बसले, इतके दिवस जे काढत होते तेच. एखादी बारीक रेघ दिसायची, पण ती कुणाची हे कोण सांगणार? रडू येत होतं आणि रागही येत होता, भुकटीचा की स्वतःचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पान वाढलं. पाट मांडला. डमरू आणि त्याभोवतीचा डाग सोडला तर स्वच्छ, पिवळा, कुणाच्याही घरचा वाटावा असा. सगळं तयार होतं तरी आबा उभेच होते.

"तिला वळखू यील का गं ह्यो पाट?"

येईल की, मी म्हटलं. माझी मलाच खात्री नव्हती आणि ते त्यांना कळलं असावं. त्यांनी भिंतीकडचं बसकर ओढलं, आईच्या पाटाला लागून अंथरलं आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले.

"मी हितं बसतो. मला बघून तर यील."