मीनाबाईने लिंपलेली भिंत

म्हसावदच्या शाळेत मीनाबाई पोरांची खिचडी शिजवते. नवरा गेल्यावर ती बापाच्या घरी परत आली आणि तिथलीच होऊन राहिली. बाप, रूपचंद, अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं सगळं तिनंच केलं. दिवाळीनंतर तो गेला.

धाकटा भाऊ गोपाल सुरतला साड्यांच्या कारखान्यात आहे. दिवसकार्य आटोपल्यावर त्याने सरळ सांगितलं, घराची किंमत तिऱ्हाइताकडून ठरवून घेऊ. अर्धे पैसे देणं जमलं तर घर तिचं, नाही तर विकून वाटून घेऊ. त्यालाही भाड्याच्या खोलीतून निघायचं होतं, त्यामुळे तिने त्याला बोल लावला नाही. बचत गट किती देईल, कानातलं मोडून किती येईल, याचा अंदाज ती खिचडी ढवळता ढवळता बांधत राहिली. किंमत कमी लागली तरच घर तिचं होणार होतं.

एवढं ठाऊक असूनही, घर बघायला साहेब येणार म्हटल्यावर तिने माती भिजवली.

घरी परकं माणूस यावं आणि भिंतीचे पोपडे दिसावेत, हे तिच्या हातांना मंजूर नव्हतं. शाळेतून येऊन रोज एक भिंत. मागच्या खोलीत, बापाच्या खाटेजवळ, वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. तोही तिने बुजवला, वरून पांढरी माती फिरवली. खांदे असे भरून आले की पदर सावरायलाही हात उचलवेना.

गोपाल सुरतेहून आला तो दारातच थबकला.

"ताई, साहेब घर देखाले ई ऱ्हायना, नवरी देखाले नही."

"मंग काय, पाव्हनाले पोपडा दखाडू?"

साहेब म्हणजे नंदुरबारचे उमाकांत, घरांची किंमत ठरवून देणारे. त्यांनी टेप लावून खोल्या मोजल्या, भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"घर किती जुनं?"

"मन्हा जलमना पहिलेनं शे," मीनाबाई म्हणाली.

"वाटत नाही हो. एरवी जुनं झालं की किंमत उतरते. पण इतकं राखलेलं घर असलं की मला फार उतरवता येत नाही. चांगला भाव लागेल."

त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं. मीनाबाई चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. गोपाल चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला.

तिने कप खाली ठेवला आणि पडवीतून खुरपं आणलं.

"साहेब, आठे या."

मागच्या खोलीत ती भिंत खरवडू लागली. लिंपण अजून ओलसर होतं, खुरपं लावताच सुटत गेलं. तडा मोकळा झाला. तिने त्यात बोट घातलं, ते मुळापर्यंत आत गेलं.

"पावसायामा आठून पानी येस. मीच बुजाडं व्हतं."

उमाकांत गोपालकडे वळले. "हा तडा जुना आहे? किंमत बरीच खाली येईल, म्हणून विचारतो."

गोपालने मान वर करून छताच्या लाकडांकडे पाहिलं.

"जुना शे," तो म्हणाला. "आनि वरना लाकडं बी सडेल शेतस. ती ते सांगाव नही. लिखी ल्या."

उमाकांतांनी वर पाहिलं, फोटो काढले, लिहून घेतलं आणि निघाले.

मीनाबाईने पडलेली माती हाताने गोळा केली आणि पाण्याची बादली ओढली.

"आते कसाले?" गोपाल म्हणाला. "साहेबना कागद येस तवलोंग तरी ऱ्हाऊ दे. तू लिपानं सोडशी का कधी?"

तिने बादली बाजूला सारली. मग बापाच्या रिकाम्या खाटेवर बसली आणि उघड्या तड्याला पाठ टेकली.