चौदाव्या चॅप्टरला अडकलेलं लग्न

खोटं बोलत असेन तर हा कॉम्प्युटर इथल्या इथे बंद पडो! पुढचं सगळं मुरबाडच्या आमच्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. म्हणजे, निम्मं घडलं तेव्हा मी चहाला गेलो होतो. पण ते बबननं सांगितलंय, आणि बबन माझ्यासारखा नाय, खरं बोलतो.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर घालून देणं हा आम्हा दोघांचा धंदा. डिस्क घरी जाते, तिचा किस्सा दुकानातच राहतो. त्यात स्क्रीनवरचे टक्के हलेनासे झाले, की माझी जीभ हलायला लागते.

त्या दिवशी फारच हलली.

वैशाखरे गावच्या यमुनामावशी सकाळच्या गाडीनं मुलीच्या लग्नाची डिस्क घेऊन आल्या. "ह्यांनी मांडवात माइकवर कायतरी सांगितलं रे दादा. मी आत सैपाकाला, ऐकलंच नाय. सगळा मांडव हसला. इचारलं तर म्हनायचे, काय नाय गो. घरच्या प्लेयरवर डिस्क तिथंच अडकायची. आता तेच नाय राहिले."

बबननं डिस्कची कॉपी घेतली, व्हिडिओ फाइल बनवायला लावली. चौदाव्या चॅप्टरला एरर!

मावशी स्क्रीनवरची नजर काढेनात. मग मीच सुरू झालो.

*

शहापूरच्या एका काकांच्या फाइलमध्ये चॅप्टर उलटसुलट जोडले गेले. काका तणतणत आले. "अरे, पोरगी आधी सासरी गेली आणि हळद मागून लागली! व्याही काय म्हणतील?"

बबन शांतपणे म्हणाला, "काका, सासरी सुखरूप पोचली ना? मग झालं!"

मावशी हसल्या नाहीत. बबननं पुन्हा लावलं. पुन्हा चौदा!

*

धसईच्या एका लग्नाची डीव्हीडी आम्हीच बनवली होती, त्यात शहाणपणा केला. प्रत्येक आहेराला वेगळा चॅप्टर! ज्याला त्याला रिमोटवर आपला आहेर लगेच बघता यावा. डीव्हीडीत चॅप्टर बसतात नव्व्याण्णव, आहेर निघाले एकशे तीन. शेवटचे चार कापले. त्यात नवरीचा सख्खा मामा!

मामा दुकानात नाय, थेट भाचीच्या सासरी गेला. "माझ्या पातेल्यात भात शिजवता, आणि व्हिडिओतून मलाच काढता?"

*

एक आजी ओरखडे पडलेली डिस्क चुलीच्या राखेनं घासून घेऊन आल्या. ताटासारखी लख्ख! मशीनला ती डिस्क आहे हेच कळेना. आजी म्हणाल्या, "डोळं तपासून घ्या तुमच्या मशीनचं!"

यमुनामावशींचा चेहरा उतरला. "मी नाय हो घासली. पदरानं पुसली फक्त. चालतं ना?"

तेव्हा कळलं, आपण गप्प बसलेलं बरं.

*

बबन मला बाजूला घेऊन म्हणाला, "कॉपीच तिथं फाटकी आलीय. एक ते तेरा वेगळे काढून ठेवले, पंधरापासून पुढचेही निघाले. चौदावा परत डिस्कवरनंच घ्यायला लागंल, हळू स्पीडवर. पण डिस्कला बारीक तडा आहे. एकदा फिरंल. मग तिचा भरवसा नाय."

मावशींना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "फिरवा."

ड्राइव्ह घरघरायला लागला. बबननं खुर्चीचा हात धरला. चाळीस टक्के. एकेचाळीस. मग बराच वेळ एकेचाळीसच. आतून कट्कन आवाज आला आणि ड्राइव्ह थांबला. बाहेर काढली तर डिस्कचे दोन तुकडे!

हाती आलं तेवढं बबननं लावून पाहिलं. चित्र गोठलेलं, नुसता मांडवाचा खांब. आवाज मात्र चालू होता. माइकची खरखर, मग एका पुरुषाचा आवाज, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा:

"अगो, पंगती उठल्या. तू जेवलीस का नाय?"

लोक हसले. तिथंच आवाज तुटला.

मावशी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "नाय अजून."

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. यातलं हे शेवटचं उत्तर मी पदरचं घातलंय. खरं तर मावशींनी नुसतं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, स्टुलावरच सोडलं आणि जेवायला बसल्या.