नाण्याच्या पोटाला हात नको

"काठाला धर, बाय, काठाला! नान्याच्या पोटाला हात नको."

दहा रुपयांचं साधं सुट्टं नाणं परत करतानाही काका माझ्यावर असे खेकसायचे. उमेळ्यात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवरचं नाणं ते दोन बोटांत कडेने अलगद उचलायचे, आणि मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी. असा एखादा माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. मला तर त्यांचा अस्सा राग यायचा!

औषधं ते क्वचितच घ्यायचे. त्यांना हव्या असायच्या गोळ्यांच्या डब्यांतल्या ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या. "टाकू नको हां. आपली खाडीची हवा, तांब्याला खाते." मी चिडचिड करत का होईना, पुड्या बरणीत साठवायला लागले.

एकदा त्यांनी घरी बोलावलं. त्यांची खाडीकाठची भातशेती केव्हाच गेली होती. तिथे आमच्या इमारती उठल्या, आणि माझ्याच इमारतीत तळमजल्यावर ते एकटे राहायचे. टेबलावर त्यांनी जाड टॉवेल अंथरला, नाणं निसटलं तर आपटू नये म्हणून. माझी अंगठी काढायला लावली. मी "अय्या, किती जुनं!" म्हणाले, तर ओरडले, "तोंड मिट. थुंकी उडते, डाग पडतो." घरी बोलावून हा पाहुणचार! प्लॅस्टिकची पिशवी त्यांना चालायची नाही, आत घाम धरतो म्हणे. प्रत्येक नाण्याला स्वतः कापून चिकटवलेलं कागदी पाकीट.

सगळी तांब्याची, काळपट नाणी. शेत खणताना त्यांच्या वाडवडिलांना सापडलेली.

"पुसत का नाही हो, काका?"

"पुसू कशाला? काळं म्हनजे त्याची कातडी. हा हिरवा डाग बघ. हे विहिरीकडचं. हे तांबूस, बांधावरचं. डागावरून सांगतो मी. शेत होतं हे दाखवायला आता दुसरं काय आहे माझ्याकडे?"

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत 'आपलं जुनं गाव' असा देखावा ठरला, आणि मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. काकांच्या मागे लागले. "कपाटात ठेवून काय करणार? लोकांना बघू दे की." तीन दिवस नाही म्हणाले. चौथ्या दिवशी डबा माझ्या हातात दिला.

"तू समोर उभी राहशील ना? कुनी पुसायला नको."

"राहीन हो, काका."

आणि मी काय केलं? दुकानात माल आला होता. डबा सेक्रेटरीच्या हातात कोंबला, "जपून हं" म्हटलं आणि पळाले.

संध्याकाळी येऊन बघते तर लाल मखमल चढवलेल्या प्लायवर नाणी पक्क्या गोंदाने चिकटवलेली. आणि लखलखीत! चिंच-मीठ लावून खसाखसा घासलेली.

सेक्रेटरी खूश. "बाप्पापुढे काळीकुट्ट नाणी कशी ठेवायची, ताई? समया घासल्या, त्यातच हीपण घासून घेतली. बायकांची मेहनत बघा!"

"अहो, मेहनत कसली? अक्कल गहाण ठेवली होती का सगळ्यांनी?"

आज सांगतानाही माझं डोकं फिरतं. पण त्यांना तरी काय बोलायचं? सण आला की तांबं-पितळ घासायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी तिथे नव्हते.

तेवढ्यात काका आले, इस्त्रीचा सदरा घालून. "काका, कशी चमकतायत बघा!" चहूबाजूंनी कौतुक. काकांनी बघितलं. "छान," म्हणाले. मूर्तीला हात जोडले आणि घरी गेले. दहाच्या नाण्यासाठी माझा जीव खाणारा माणूस, इथे नुसतं 'छान' म्हणून गेला! मला त्यांचाही संताप आला. ओरडा की, काका, शिव्या घाला मला!

विसर्जनानंतर सेक्रेटरीने नाणी स्क्रूड्रायव्हरने उपटून काढली. ती ओरखडलेली नाणी घेऊन मी काकांकडे गेले. मी आधीच परत आणून दिलेली रिकामी पाकिटं त्यांनी ओळीने मांडून ठेवली होती. त्यांवर त्यांच्या अक्षरात नावं. विहिरीकडचं खाचर. उंबराचा बांध. खाडीकडची पट्टी. काकांनी एक नाणं उचललं, उलटसुलट केलं, दिव्यापाशी नेलं. मग दुसरं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाय, तुझे डोळे चांगले. ह्यातलं विहिरीकडचं कुठलं, बघ ना."

मला सगळी सारखीच दिसत होती. मी हाताला आलं ते उचललं. "हे, काका."

त्यांनी ते पाकिटात घातलं. "आनि उंबराकडचं?"

"हे."

मी खोटं सांगत गेले, ते एकेक पाकीट बंद करत गेले.

काका गेले, त्याला वर्ष होत आलं. त्यांचा मुलगा आचोळ्याला असतो. तो डबा माझ्याकडे देऊन गेला, "तुम्हालाच त्यातलं कळतं" म्हणाला. परवा सेक्रेटरी दुकानात आला. "ताई, यंदाही काकांची नाणी लावू या? लोकांना फार आवडली होती." मी अशी काही ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. तो बिचारा गेला निघून.

मग मी डबा उघडून पाकिटांवरची नावं वाचत बसले. कुठल्या पाकिटात कुठलं नाणं आहे, देव जाणे. हे त्या दिवशी काकांनाही कळत होतं, आणि तरी ते मला विचारत राहिले.