हलगी दाराशीच छान वाटते

"हलगी ना, दाराशीच छान वाटते. आत फार घुमते हो."

हसून म्हणाल्या वैशालीताई. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. कार्डिफमधल्या एका शाळेचा हॉल, गणपतीचा कार्यक्रम, बाहेर इथली नेहमीची भुरभुर. अर्ध्या तासापूर्वी माझी जागा स्टेजवर होती, ताशावाल्यांच्या शेजारी. खुर्चीला माझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली. आता ती चिठ्ठी त्यांच्या हातात होती आणि बोट दाराकडे. दाराशी ओल्या छत्र्यांची बादली. मी बादलीशेजारी जाऊन उभा राहिलो.

आणि वाजवली. हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशी ओलांडलेला, इस्पितळात यंत्रं दुरुस्त करणारा मी माणूस, छत्र्यांच्या सोबतीने हलगी वाजवली. चांगली वाजवली. टाळ्या आल्या. त्या टाळ्या अजून टोचतात.

त्या अर्ध्या तासात काय घडलं? एक वर्तमानपत्र जळलं.

हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं. सैल हलगी म्हाताऱ्यासारखी खोकते. म्हणून वाजवण्याआधी ती शेकायची. मी कार पार्कमध्ये गेलो, बसमध्ये फुकट मिळालेलं वर्तमानपत्र पेटवलं, ज्वाळेवर हलगी फिरवत राहिलो. मध्येच टिचकी, मध्येच कान. हात आपोआप चालत होते. हल्लीच्या पथकांत ढोलाला प्लास्टिकचं पान असतं, दोऱ्या ताणल्या की झालं. कागदावर शेकणं त्यालाच येतं, ज्याच्या घरात हलगी होती.

आणि मी तर मंडळात सांगत आलो होतो की कॉलेजच्या युवक महोत्सवात शिकलो. वीस वर्षं सांगत होतो. मला गोष्ट रंगवून सांगायची हौस. त्या गोष्टीत एक खाष्ट सर होते, एक ट्रॉफी होती, शेवटी ट्रॉफीचं झाकण हरवायचं आणि ते सरांच्या डब्यात सापडायचं. लोक पोट धरून हसायचे. सर नव्हते. ट्रॉफी नव्हती. हलगी बापाची.

वैशालीताई मागे उभ्या होत्या. "हे कॉलेजात शिकवतात वाटतं?" म्हणाल्या. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठे, ते विचारलं. ओढ्यापलीकडे, मी म्हणालो.

"असं होय."

एवढंच. शिवी नाही, कपाळाला आठी नाही. शिवी दिली असती तर भांडलो असतो. इथे येऊन आपले लोक फार सभ्य झालेत.

आम्ही मातंग. लग्नाची वरात असो, देवाची पालखी असो, बाप सगळ्यांच्या पुढे वाजवत जायचा आणि देवळाच्या पायरीशी थांबायचा. पालखी आत, बाप बाहेर. मी समुद्र ओलांडला, नागरिकत्वाची परीक्षा दिली, राजाराण्यांची नावं पाठ केली. आणि बरोबर बापाच्याच जागेवर येऊन उभा राहिलो. फक्त पायरीच्या जागी बादली.

त्या दिवशी पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून आर्लीन बसली होती. सत्तरीची निवृत्त नर्स. तिचा बाप त्रिनिदादहून जहाजावर राबत इथल्या गोदीत आलेला. लायब्ररीच्या एका खोलीत ती माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करते, काळ्या लोकांच्या आणि साम्राज्याने उचलून कुठे कुठे टाकलेल्या सगळ्यांच्याच. गोष्ट आणि तिच्यासोबत एक वाद्य. ऑक्टोबरमध्ये, ब्लॅक हिस्ट्री मंथला, हे सगळं लोकांना ऐकवतात. यंदा आमचं मंडळही त्यात होतं. मंडळातर्फे मी एक रेकॉर्डिंग देऊन आलो होतो. इंग्रज कलेक्टर, त्याची हॅट आणि ती हॅट खाणारं आमच्या गावचं गाढव. मंडळाला फार आवडलं.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत गेलो तर आर्लीनने विचारलं, "लव्ह, तू दारात का उभा होतास?" ती सगळ्यांना लव्ह म्हणते, बसच्या ड्रायव्हरलाही.

आवाज चांगला लागतो म्हणून, मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने बापाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. म्हातारा सांगत होता की जहाजाच्या मालकाकडे पार्टी होती आणि याला स्टील पॅन वाजवायला बोलावलं होतं. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून केलेलं वाद्य. मालकीणबाई म्हणाल्या, हे लांबूनच गोड लागतं. याला बागेच्या टोकाला उभं केलं, पावसात. एवढं सांगून म्हातारा वाजवायला लागला. लोखंड होतं, पण पाण्यासारखं वाहत होतं. माझी बोटं टेबलावर त्याच्याबरोबर चालायला लागली.

"त्याला गोऱ्यांनी उभं केलं," आर्लीन म्हणाली. "तुला कोणी?"

मला शंभर गोष्टी येतात. त्यातली एकही न सांगता मी तिला माझंच रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं.

साहेबाने लुटलं, खरं. आमच्यातल्या काहींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तेही खरं. पण देवळाची पायरी साहेबाने आखली नव्हती. साहेब यायच्या आधी आमचा कुणी पूर्वज तिथेच उभा होता. साहेब गेल्यावर बाप उभा होता. माझ्या रेकॉर्डिंगात यातलं काही नव्हतं. माझ्या रेकॉर्डिंगात गाढव होतं.

गाढव काढून टाकलं. नवीन रेकॉर्डिंग केलं. आर्लीनचा नियम असा की आधी स्वतःचं पूर्ण नाव, मग बापाचं नाव, मग बापाचं काम. मागच्या वेळी मी नुसतं पहिलं नाव सांगून निसटलो होतो. या वेळी सगळं सांगितलं. बापाच्या कामापाशी दोनदा अडखळून पुन्हा सुरुवात केली. तिने ते अडखळणंही ठेवलं. लायब्ररीत धुराचा अलार्म, म्हणून हलगी हेअर ड्रायरने शेकली. बापाने पाहिलं असतं तर हसून लोळला असता.

रेकॉर्डिंग मंडळाकडे गेलं आणि वैशालीताईंचा फोन आला. विषय इंग्रजांचा आहे, म्हणाल्या, आपलं घरातलं बाहेरच्यांसमोर कशाला? मधली तीन मिनिटं तेवढी काढा. हलगी ठेवा, हलगी छानच आहे. नाहीतर मंडळाला आपलं नाव मागे घ्यावं लागेल. आणि मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या मिसेस आपल्या भजनाच्या ग्रुपमध्ये आहेत ना? त्यांना उगीच अवघड होईल हो."

फोन स्पीकरवर होता. बायको समोर बसली होती. परदेशातल्या सगळ्या तिच्या मैत्रिणी त्या ग्रुपमधल्या. बाळंतपणात डबे आणणाऱ्याही त्याच.

आमच्या बैठकीत बापाचा फोटो आहे, गळ्यात हलगी घातलेला. मंडळाचं कुणी येणार असलं की बायको तो बेडरूममध्ये नेऊन ठेवते. पाहुणे गेले की परत आणते. या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

"मला तो फोटो उचलायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. हळू नाही. वैशालीताईंना ऐकू जाईल एवढ्याने.

मी फोनजवळ वाकलो. "नाव मागे घ्या," म्हणालो.

ऑक्टोबरमध्ये माझी तीन मिनिटं अख्खी ऐकवली. मंडळाच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. बायकोच्या फोनवर भजनाचा ग्रुप त्या दिवसापासून मुका आहे. दिवाळीला कुणी आलं नाही, आम्हीही गेलो नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. वीस वर्षं खोटं सांगून माणूस जेवढा दमतो, तेवढाच दमलोय. फोटो मात्र बैठकीतून हललेला नाही.

आता पुन्हा गणपती येतील. मंडळाचं बोलावणं येणार नाही. मी जाणार आहे. कुणी गाव विचारलं तर आधी जात सांगीन, मग गाव. दाराशी थांबणार नाही. हलगी कार पार्कमध्ये शेकणार नाही. स्टेजवर, सगळ्यांच्या देखत कागद पेटवीन.

अलार्म वाजला तर वाजू दे.