कवळीवाल्याने बसवलेली मोटार

माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघावं म्हणतात. आमच्या गल्लीतले कवळीकाका तोंडात बघतात. तुम्ही हसलात की त्यांची नजर तुमच्या दाढांवरून एक फेरी मारून येते, आणि तुमची पाठ वळली की ते बायकोला सांगतात, "वरचा डावा सुळा वर्षभरात जातोय बघ." अशा माणसासमोर जांभई द्यायची चोरी.

धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, काका त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततात आणि त्यांवर कवळ्या बसवतात. घराच्या पुढच्या खोलीत फळीवर जबडेच जबडे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं मालकाचं नाव. "ज्यांचं एकमेकांशी वाकडं आहे त्यांना मुद्दाम शेजारी ठेवतो," काका सांगतात, "अजून कुणी कुणाला चावलं नाही." हात सोन्याचा, यात वाद नाही. पण ही गोष्ट काकांनाही ठाऊक आहे, आणि ती ते दुसऱ्याला विसरू देत नाहीत.

तर या काकांच्या सासऱ्यांची एक जुनी मोटार होती. फुगीर मडगार्ड, बटाट्यासारखे डोळे, हस्तिदंती रंगाचं भलंमोठं स्टिअरिंग. सासरे गेल्यापासून ती सासूबाईंच्या घरामागच्या शेडमध्ये पडून होती. मागच्या सीटवर मांजरीची बाळंतपणं व्हायची. सासऱ्यांना दोन मुली. थोरलीला त्या गाडीत बसलं की मळमळायचं. धाकटीला मात्र गाडीतून खाली उतरवणं मुश्किल. वडिलांनी तिला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं, आणि बाप-लेकीची सगळी गुपितं त्याच गाडीत झाली. ही धाकटी म्हणजे कवळीकाकांची बायको, आमच्या काकू. खुद्द काकांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. ते हे चारचौघांत काढत नाहीत, म्हणून मला काढावं लागतं.

थोरले जावई परदेशात असतात. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडतो आणि त्यावर मीठ टाकतात, तसल्या देशात. दरवर्षी सुट्टीला येतात आणि येताना चॉकलेटं कमी, दर जास्त आणतात. "आमच्याकडे केस कापायला किती पडतात माहितीये?" हे ज्यानं विचारावं त्याच्या डोक्यावर कापायला काही शिल्लक नाही, पण जावयाला कोण बोलणार?

त्या वर्षी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आई, शेडमधली गाडी मी नेतो."

"कुठं नेता?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे! तिथं मिठानं जुन्या गाड्यांचा पत्रा खाऊन टाकला. हे मॉडेल औषधाला सापडत नाही. नीट करून विकली तर घराची अर्धी किंमत सुटेल." मग त्यांनी ताटं-वाट्या सरकवून हिशोबच मांडला. गाडी पूर्ण त्यांच्या देशात नीट करायची तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च, कारण तिथला मेकॅनिक एका तासाचे जे घेतो त्यात इकडे आठवडाभर माणूस राबतो. म्हणून पत्र्याचं काम दुसऱ्या देशात, जिथं मजुरी स्वस्त; म्हणजे ही आमटीची वाटी. सीटचं चामडं तिसऱ्या देशात, तो पाण्याचा तांब्या. क्रोमचं पॉलिश चौथ्या देशात, ती मिठाची बरणी, कारण त्यांच्या देशात पर्यावरणाच्या नियमांमुळे ते फार महाग. शेवटची जुळणी फक्त त्यांच्याकडे. बोटीचं भाडं, कर, सगळं धरून त्यांनी एक आकडा सांगितला. तो ऐकून भिंतीवरची पालही क्षणभर थांबली.

सासूबाई म्हणाल्या, "गाडी चार देश हिंडणार म्हणा की! मला तुमच्या सासऱ्यांनी बाजाराच्या पुढं कधी नेलं नाही."

काकू ताटावरून उठल्या आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.

तो आवाज ऐकून काकांना काय झालं कुणास ठाऊक. बायकोसमोर त्यांचं एरवी काही चालत नाही, पण तिच्यासाठी मात्र त्यांची जीभ सुटली. "मी इथंच करतो गाडी. तुमच्या आकड्याच्या निम्म्यात!"

"साडूसाहेब," थोरले हसत म्हणाले, "ती मोटार आहे, बत्तिशी नाही."

"तुमच्या बत्तिशीपेक्षा सोपी आहे."

आता दोन जावयांची जुंपणार, तोच सासूबाईंनी निकाल दिला. "पुढच्या सुट्टीला हे येतील तेव्हा त्या गाडीनं मला बाजारात न्यायचं आणि परत आणायचं. खर्च निम्म्याच्या आत. जमलं तर गाडी धाकटीची. नाही तर चढवा बोटीवर. आणि आता ती वाटी द्या इकडे, आमटी गार झाली."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी डोक्याला दिवा बांधला आणि शेडमध्ये मुक्काम ठोकला. इंजिनासाठी एक गॅरेजवाला धरला, तो लहर लागेल तेव्हा यायचा. "पोट तू बघ, तोंड मी बघतो," अशी वाटणी झाली. गंजलेल्या दाराला काका 'हिरड्या सुजल्यात' म्हणायचे. वायपर ढिले होऊन हलत होते, त्यांना 'पायोरिया'.

डावीकडच्या दाराची मूठ हरवली होती. काकांनी उजवीकडच्या मुठीचा झकास ठसा घेतला, मेणाचा नमुना केला, धातू ओतला, घासूनपुसून लावायला गेले आणि डोक्याला हात लावला. उजव्या मुठीच्या ठशातून दुसरी उजवीच मूठ निघणार! आयुष्यभर डाव्या दाढा डावीकडे आणि उजव्या उजवीकडे बसवणारा माणूस, आणि मोटारीच्या आनंदात हे विसरला. मग निव्वळ नजरेनं मेण कोरून डावी मूठ घडवली. ती मात्र अशी जमली की गॅरेजवाला खरी कुठली ते ओळखायला दोन्ही चाखून बघतो की काय असं वाटलं.

क्रोमसाठी त्यांनी नळ बनवणाऱ्या कारखान्यातला ओळखीचा माणूस गाठला. बारीकसारीक वस्तू नळांच्या टोपलीतून आत गेल्या आणि चकचकीत होऊन आल्या. बंपर टाकीत मावेना, म्हणून आधी अर्धा बुडवला, मग उलटा करून दुसरा अर्धा. मधोमध एक रेघ राहिली. काका म्हणाले, "भांग पाडलाय."

इकडे कवळ्या रखडल्या. निवृत्त मुख्याध्यापकांचा खालचा जबडा इतका लांबला की ते रोज शेडमध्ये येऊन ओरडू लागले. दातांशिवाय ओरडण्याला धार नसते. वाऱ्यानं पडदा हलावा तसे त्यांचे ओठ नुसते हलायचे.

"सर, थोडा धीर धरा," काका म्हणायचे, "तुमची कवळी आणि गाडीचा मागचा दिवा एकाच वेळी घडतायत."

"माझ्यात बल्ब नका बसवू म्हणजे झालं!" सर म्हणाले.

राहिलं स्टिअरिंग. त्याला ठिकठिकाणी तडे गेले होते. काकांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली, ट्यूबलाइटखाली एकेक दात स्टिअरिंगशी लावून पाहिला, आणि जुळला त्या रंगाचं मिश्रण तड्यांत भरून पॉलिश केलं. सांधा कुठं आहे ते बोट फिरवून कळेना. त्या दिवशी काका शिट्टी वाजवत घरी आले.

काकू या काळात काय करत होत्या? तक्रार. "हे शेडमध्येच राहायला गेलेत. सकाळी तिथं, संध्याकाळी तिथं, रविवारी तर डबा तिथं पोचवते," असं दर आठवड्याला फोनवर थोरल्या बहिणीला सांगायच्या. पण डबा पोचवला की त्या जुन्या सीटवर बसायच्या, आणि लवकर उठायच्या नाहीत.

सुट्टी आली, थोरले जावई आले. सासूबाई पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसल्या, शेजारी थोरली नाकाला रुमाल लावून. पुढं काकू चालवायला आणि काका नुसते बसायला. थोरले जावई म्हणाले, "मी चालत येतो मागून, ढकलायला माणूस लागेल."

गाडी शेडमधून उन्हात आली आणि काकूंनी समोर बघितलं. ट्यूबलाइटमध्ये एकजीव दिसणारं स्टिअरिंग उन्हात झेब्र्यासारखं दिसत होतं. भरलेले सगळे तडे पिवळेधमक.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "हे तंबाखू खाणाऱ्याचे दात वाटतायत."

"तू पुढं बघून चालव," काका म्हणाले.

गाडी चढावर धापा टाकत चढली, उतारावर सगळ्यांचे देव आठवून उतरली, पण बाजारात पोचली. सासूबाईंनी वांगी घेतली. घासाघीस करताना एक हात गाडीच्या मडगार्डवर ठेवला होता, म्हणून भाजीवाल्यानं पैसे जास्तच सांगितले. गाडी परत आली. थोरल्या जावयांना ढकलायची संधी मिळाली नाही, आणि चालून चालून त्यांचेच सांधे त्या वायपरसारखे ढिले झाले.

आता खर्च. काकांनी पत्रा, रंग, धातू, टायर, सीटचं कापड, गॅरेजवाला, सगळं सांगितलं. निम्म्याच्याही बरंच आत. काकूंचा चेहरा उजळला.

"आणि मजुरी?" थोरल्यांनी विचारलं.

"सांगितली की गॅरेजवाल्याची."

"तुमची! तुमच्या हातांची. जुन्या गाडीत खरा खर्च तोच असतो. कुठल्याही देशात विचारा."

"ते काही रोज शेडमध्ये नव्हते हं," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

थोरली भाबडेपणानं म्हणाली, "अगं, तूच नाही का दर आठवड्याला सांगायचीस? सकाळ, संध्याकाळ, रविवारी डबासुद्धा?"

काकूंनी बहिणीकडे असं पाहिलं की लहानपणची सगळी भांडणं पुन्हा हजर झाली. थोरल्यांनी मोबाइलवर तास मांडले. "बरं, आपण इथल्या मजुराचा दर धरू," ते उदारपणे म्हणाले.

आणि इथं काकांनी माती खाल्ली. "इथल्या मजुराचा? माझ्या हाताला?" त्यांची छाती पुढं आली. "ही मूठ बघा! तुमच्या देशात असा हात कितीला मिळतो, तो दर लावा!"

"अहो!" काकू ओरडल्या. उशीर झाला होता. थोरल्यांनी आनंदानं त्यांच्या देशातला दर लावला. आकडा आला तो त्यांच्या चार देशांच्या आकड्याला मागं टाकून पुढं गेला. काकूंचे डोळे भरून आले. त्या गाडीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी वांगी निवडता निवडता मान वर केली. "म्हणजे गाडी थोरल्या जावईबापूंची. ठरलं ते ठरलं."

"थँक्यू, आई."

"फक्त ही मजुरी धाकट्यांना देऊन टाका आणि न्या."

"द्यायची? आई, ही नुसती हिशोबापुरती…"

"हिशोबात धरली ना? मग दिली पाहिजे. खरा खर्च तोच असतो म्हणालात."

थोरल्यांनी टकलावरून हात फिरवला. "बरं, मग इथलाच दर लावू या का?"

"लावा की. मग निम्म्याच्या आत बसतं, आणि गाडी धाकटीची होते."

थोरल्यांनी मोबाइल खिशात टाकला. इतका वेळ काका त्या आकड्याकडे टक लावून बघत होते. ते हळूच पुढं झुकले. "साडूसाहेब, म्हणजे समजा, तुम्ही खरंच दिले तर…"

पुढचं वाक्य झालं नाही. काकू दारापासून कधी परत आल्या कळलं नाही, पण काकांच्या अंगठ्यावर त्यांची टाच होती.

गाडी काकूंकडेच राहिली. भल्या सकाळी चक्कर मारून येतात, आणि कुणी बसू का विचारलं तर "आईला विचारून सांगते" म्हणतात. काकांना मात्र तेव्हापासून एक सवय लागली आहे. कवळी न्यायला गेलात की आधी ते तुम्हाला तिच्यासाठी बसलेल्या तासांचा परदेशातला दर सांगतात, मग तुमचा चेहरा उतरेपर्यंत थांबतात, आणि मग इथले पैसे घेतात. मुख्याध्यापक सर त्यांना म्हणाले, "तिकडचाच घ्या, पण वेळेवर द्या." आता खालचे दात बसलेत, त्यामुळे वाक्याला धारही होती.