पापणीवाला नाग

फोनमधल्या नागाला पापण्या होत्या. माणसाला असतात तशाच, काळ्याभोर, वर वळलेल्या. मी चष्मा धोतराला पुसून पुन्हा पाहिलं. नागाला पापणी नसते हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे. तो डोळा मिटत नाही, म्हणून तर त्याची भीती. पण हा आता मिटेल असं वाटत होतं, आणि मिटला तर पुढे काय? मी फोन सुनेच्या हातात परत दिला.

"काय झालं मामाजी? छान नाई आला का?"

"छान कायले पाह्यजे? खरा पाह्यजे."

ही सून याच उन्हाळ्यात आमच्या घरी आली. माझी बुढी, म्हणजे तिची सासू, तिने पाहिलीच नाही. गेल्याच्या गेल्या साली, दिवाळी होऊन गेल्यावर, बुढी बकऱ्यांसाठी मागच्या आवारातल्या ढिगातून सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, काढायला गेली. आत नाग बसला होता. तो तिच्या उजव्या हाताला डसला. दारव्ह्याच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच संपली. एवढंच लिहितो. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं.

ती गेल्यावर वर्षभर घरात सण नव्हता. यंदाची नागपंचमी पहिली. आमच्या घरी मागच्या दाराजवळच्या भिंतीवर त्या दिवशी पाच फण्यांचा नाग काढतात, त्याला लाह्या-दूध दाखवतात. काढायची बुढी. मी चौथीपर्यंत शिकलेला, माझा हात कासऱ्याला नि वखराला चांगला, चित्राला नाही. पोरगा म्हणाला, "ज्यानं आईले नेलं त्याले दूध पाजता? आन् भिंतीवरचा तो नाग कसा होता मले काय माहीत, मी तं झोक्यावर राहो त्या दिवशी." पोरगा यवतमाळात ऑटो चालवतो, सकाळी जातो, रात्री येतो. वावर त्याला माहीत नाही. वावरात जाते ती सून.

पंचमीला जमीन उकरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून निंदण सुरू. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, खाली काय आहे दिसत नाही, आणि ही पोरगी चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून अनवाणी आत शिरते. माझा सगळा जीव त्या पायांत अडकला होता. भिंतीवरचा नाग ऐकतो की नाही, मला माहीत नाही. मी त्याला भ्यायलो होतो, एवढं माहीत आहे. एक बाई नेली. दुसरी नेऊ नये.

सून बारावी शिकलेली. म्हणाली, "फोनले सांगतलं का तो पाह्यजे ते चित्र काढून देते, मामाजी. तुम्ही फक्त कसा पाह्यजे ते सांगा."

मी सांगितलं: काळा, पाच फण्या, कपाळावर मणी. ती फोनशी बोलली. नाग आला. फण्या सात.

"पाच म्हटलं ना वं त्याले?"

"म्हटलं जी. मोजता येत नाई वाटते."

पुन्हा सांगितलं तर चार, त्यातली एक दुसरीच्या गळ्यातून फुटलेली. मग पानकोबीच्या पानांसारख्या एकीत एक घुसलेल्या. एकाची जीभ नाकातून आली. एकाच्या मण्याला दात होते. एकाचं अंग वेटोळी घेत घेत स्वतःच्याच पोटात शिरलं होतं, शेपटी नाहीच. "हा पाहा, याले तं पाय हायेत!" म्हणून सून आधी हसत होती. मग तीही हसेनाशी झाली. मला सगळ्यात भ्या वाटलं ते याचं, की एकदा आलेला नाग पुन्हा येत नव्हता. तोच दाखव म्हटलं तरी दुसराच येई. हे कसलं बीळ, ज्यात हात घातला की दरवेळी वेगळा निघतो, आणि आत अजून किती आहेत त्याचा पत्ता नाही?

शेवटी पाच फण्यांचा एक निघाला. तोच पापण्यांचा. पोरीने एवढा जीव लावला होता म्हणून मी हो म्हटलं.

बोरी अरबच्या बाजारात रंगीत छापून आणायला मीच गेलो. झेरॉक्सवाला पोरगा कागद मशीनमधून काढून उलटासुलटा करून पाहायला लागला. "काका, हा नाग हाये का काजळ घातलेली बाई?"

"तू छाप. तुले त्याची पूजा नाई करायची."

पंचमीच्या आदल्या दुपारी सुनेने तो कागद मागच्या दाराजवळ चिकटपट्टीने लावला आणि ती हापशीवर पाण्याला गेली. मी घरात एकटा. खाटेवर बसलो तर तो माझ्याकडे पाहत होता. खाट सोडून चुलीपाशी बसलो, तरी माझ्याकडेच. पाच फण्या, दहा डोळे, सगळे सरळ माझ्या तोंडावर. मागे बकऱ्या चाऱ्यासाठी ओरडत होत्या. त्या दारातून जायचं तर त्याच्या जवळून जावं लागणार. मी समोरून निघालो आणि शेजाऱ्याच्या आवारातून वळसा घातला. शेजारी माझ्याच वयाचा, ओट्यावर तंबाखू मळत बसलेला.

"काहून गा बुढ्या, सोताच्या घरात चोरावानी जाऊन राह्यला?"

"मागचं दार बंद हाये."

"बंद कुठी? इथून तं उघडंच दिसते."

त्याला काय सांगू? पोराने सकाळी ओढून ठेवलेला चारा टाकून मी तसाच वळशाने परत आलो. तेवढ्यात मागच्या दारातून वारा शिरला. कागदाची खालची पट्टी सुटली, कागद मधून फुगला, आणि पाचही फण्या माझ्यासमोर फुगून वर आल्या. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. बुढीला हाक मारली असेल.

सून पाण्याचा गुंड तिथेच टाकून, सरपणातलं लाकूड उचलून धावत आली. "कुठी हाये? मामाजी, कुठी हाये?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिने लाकूड खाली ठेवलं.

"काढ तो. आताच्या आता काढ."

तिचं तोंड उतरलं. कागद काढताना पाठमोरीच बोलली, "मले काय माहीत, जी? मी तं आत्याबाईले पाह्यलंबी नाई. फोनले नाई जमलं, मले नाई जमलं. त्या कशा काढत होत्या ते तं कोणी सांगा."

मला ते सांगायचंच नव्हतं. पण ती पोरगी कागद हातात धरून तशीच उभी राहिली. मग सांगितलं.

बुढी काडी नाही, कापूस नाही, काहीच घेत नसे. गेरू भिजवायची, त्यात उजवा पंजा बुडवायची आणि चुन्याच्या भिंतीवर आडवा टेकवायची, बोटं दाराकडे करून. पाच बोटांच्या पाच फण्या. मग मनगटापासून मागे, चुलीकडे, लांब शेपटी ओढायची. मण्याला हळदीचा ठिपका. झाला नाग. म्हणून तर त्याची फणी कधी कमी-जास्त झाली नाही. आणि तो घरातल्या माणसाकडे पाहत नसे. दाराबाहेर चाललेला असे. "आला तसा जा बाबा," असं त्याला म्हणून मगच ती हात धुवायची.

फोनला मी फण्या सांगितल्या, मणी सांगितला. हात नाही सांगितला. तो हात मी शेवटचा पाहिला तेव्हा कोपरापर्यंत सुजला होता, बांगड्या मांसात रुतल्या होत्या. आधीचा चांगला हात आठवायला गेलं की मधे हा हात आडवा येतो. आणि काळा कोणी सांगितला? मीच. बुढीचा नाग तर गेरूचा, तांबडा. मी फोनला जो सांगितला तो भिंतीवरचा नव्हताच, कुटारातला होता.

कागदाचं काय करावं ते सुनेला कळेना. सणाच्या तोंडावर नाग फाडायचा कसा, जाळायचा कसा? तिने तो तोंड आत करून गुंडाळला आणि वर आढ्याला खोचला.

पंचमीच्या सकाळी तिने गेरू भिजवला, बांगड्या मागे सारल्या आणि पंजा बुडवला.

"थांब," मी म्हणालो. "तुहा हात नको."

"बायाच काढते ना जी?"

"नको म्हटलं ना!"

आवाज चढला माझा. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजली. पाण्याने हात धुतला. मग मी माझा बुडवला. भिंत थंड होती. मी पंजा बराच वेळ दाबून धरला, दाराकडे बोटं करून. काढला तर चार फण्या सरळ, मधली वाकडी. माझं मधलं बोट कडबा कापायच्या मशीनने जवळजवळ गेलंच होतं. राहिलं ते वाकडं.

सुनेने हळद लावता लावता तोंडाला पदर लावला. "मामाजी, ही एक तं मांगं वळून पाहून राह्यली!"

"पाहू दे. बाकीच्या तं चालल्या."

बुढीचे शब्द मी म्हणायला गेलो. अर्धेच निघाले. उरलेले सुनेने म्हटले.

दुसऱ्या दिवशी ती विळा घेऊन निंदणाला निघाली. मी तिला उंबऱ्यावर अडवलं आणि पोराचे गमबूट पुढे ठेवले.

"हे घालून निंदते का कोणी? बाया हासतीन मले!"

"हासू दे."

वावराची वाट मागच्या आवारातून जाते, त्या ढिगाला लागून. बुढी गेल्यापासून मी त्याला हात लावला नाही. पोरगाच काय ते कुटार ओढून बकऱ्यांपाशी टाकतो. ढिगाजवळ मी थांबलो. भिंतीवर नाग काढला म्हणून भ्या गेलं नव्हतं, आणि अजूनही गेलेलं नाही. आढ्यातला कागद वारा आला की वाजतो, तेव्हा मी वर पाहतो.

मी काठी आपटली. ढिगावर आपटली, वाटेवर आपटली आणि सुनेच्या पुढे झालो. मागे तिचे मोठे बूट फदफद वाजत होते. तो आवाज जरा थांबला की मी थांबायचो. सबंध धुरा मी तसाच गेलो, काठी पुढे आणि मान मागे.